ऑपरेशन आज का नाही?

बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही, एवढं सांगून झालं की आईबापांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आज का नाही? डॉक्टर म्हणतात, थांबू या. चार दिवस, कदाचित आठवडा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बापाच्या डोक्यात लगेच शंका येते, की ही मंडळी डिपॉझिटची वाट बघताहेत किंवा मोठे सर्जन गावाला गेलेत. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा त्या चार-आठ दिवसांत नवजात अतिदक्षता विभागात जे चाललेलं असतं, तो उपचाराचा अर्धा भाग असतो. आणि नेमका तोच आईबापांना कोणी नीट बसून सांगत नाही.

हजार बाळं जन्मली तर त्यातल्या आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतः काहीतरी कमी-जास्त असतं. भारतात अशी दोन लाखांहून अधिक बाळं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे. त्यातली बरीच छोट्या छिद्रांची असतात. काही छिद्रं आपोआप बुजतात, काही बाळ मोठं झाल्यावर बंद केली जातात. साधारण पाचातल्या एका बाळाला मात्र पहिल्या वर्षभरात काही ना काही करावं लागतं, आणि त्यांच्यातल्याही थोड्यांना तर पहिल्या काही दिवसांतच. या लेखाचा विषय ही शेवटची बाळं आहेत. त्यांच्या नातेवाइकांना फोनवर ‘हृदयाला छिद्र आहे’ असंच सांगितलं जातं, कारण सगळ्यांना तेवढंच समजतं. प्रत्यक्षात अनेकदा दोष छिद्राचा नसतोच. उलट, छिद्र आहे म्हणून बाळ जगलेलं असतं.

उदाहरणादाखल एकच दोष नीट पाहू. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. डाव्या बाजूने निघणारी महारोहिणी शुद्ध रक्त अंगभर पोचवते, उजव्या बाजूने निघणारी फुप्फुसधमनी अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते. काही बाळांत या दोघींच्या जागांची अदलाबदल झालेली असते. मग अंगातून आलेलं अशुद्ध रक्त परत अंगातच जातं आणि फुप्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त परत फुप्फुसांत. दोन एसटी गाड्या आपापल्या मार्गावर गोल फिरत राहाव्यात आणि एकीतल्या प्रवाशाला दुसरीत बसायला कुठे थांबाच नसावा, तसं हे होतं. हृदयाचे ठोके व्यवस्थित, रक्त भरपूर, फुप्फुसं उत्तम, तरी मेंदूपर्यंत प्राणवायू पोचत नाही.

पोटात नऊ महिने या बाळाचं काहीच बिघडत नाही. तिथे प्राणवायू आईच्या वारेतून येतो, फुप्फुसांना काम नसतं, म्हणून रक्ताने फुप्फुसांना वळसा घालावा यासाठी दोन वाटा मुळातच असतात. एक म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली झडपेसारखी खिडकी. दुसरी म्हणजे फुप्फुसधमनीला महारोहिणीशी जोडणारी बोटभरही लांब नसलेली नळी, ‘डक्टस आर्टेरिओसस’; वॉर्डात सगळे तिला नुसतं ‘डक्ट’ म्हणतात. जन्मानंतर बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात, रक्तातला प्राणवायू वाढतो आणि वारेतून येणारं, डक्टला उघडं ठेवणारं रसायन कमी होतं. निरोगी बाळाची डक्ट एक ते तीन दिवसांत मिटते. ज्याचं रक्त मिसळण्यासाठी किंवा फुप्फुसाकडे, नाहीतर शरीराच्या खालच्या भागाकडे जाण्यासाठी याच डक्टवर अवलंबून असतं, त्याच्यासाठी तिचं मिटणं हेच संकट.

म्हणून तर असं होतं, की काही बाळं पहिल्या तासांतच निळसर दिसतात, आणि काही मात्र छान रडतात, चिकाचं दूध पितात, त्यांचे फोटो सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ एकाएकी थंड पडतं, पिणं सोडतं, धापा टाकू लागतं. या बाळांना आधीच हेरण्यासाठी एक अगदी साधी चाचणी आहे. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. कुठेही नव्वदच्या खाली आकडा आला, किंवा हातापायाच्या आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक राहत गेला, तर हृदयाचा टू-डी इको करायचा. पाच मिनिटांचं काम. अमेरिकेत 2011 पासून प्रत्येक नवजात बाळासाठी या तपासणीची शिफारस आहे. आपल्याकडे ती अजून सरसकट होत नाही, आणि ही गोष्ट मला अक्षम्य वाटते, कारण ऑक्सिमीटर आता तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळतो.

या डक्टचा इतिहास कोणाला कादंबरीत घातला असता तर खोटा वाटला असता. 1938 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची मिटायची राहून गेलेली डक्ट बांधून टाकली, आणि मुलांच्या हृदयाशी संबंधित शस्त्रक्रियांचं युग सुरू झालं. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग यांच्या लक्षात येत होतं, की त्यांच्याकडची निळी बाळं डक्ट मिटल्यावर खालावतात. ग्रॉस डक्ट बंद करू शकतात, तर कोणाला नवी करता येईल का, हा त्यांचा प्रश्न. 29 नोव्हेंबर 1944 रोजी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभं राहून एक एक टाका कसा घ्यायचा ते सांगत होते विवियन थॉमस, कारण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे तंत्र त्यांनीच बसवलं होतं. थॉमस डॉक्टर नव्हते. कृष्णवर्णीय होते आणि पैशांअभावी त्यांचं कॉलेज राहून गेलं होतं. त्यांचं नाव त्या शस्त्रक्रियेच्या नावात जोडलं जायला कित्येक दशकं जावी लागली.

मग 1970 च्या दशकात सुई-टाक्याशिवायचा मार्ग सापडला. प्रोस्टाग्लँडिन ई-1 हे रसायन थेंबाथेंबाने शिरेत सोडलं तर डक्ट मिटतच नाही, मिटू लागलेलीही पुन्हा उघडते. आज कुठल्याही नवजात हृदयविभागात बाळाच्या उशाशी छोट्या सिरिंज पंपावर जे औषध चालू असतं, ते हेच. त्याची मात्रा इतकी सूक्ष्म असते की ती नॅनोग्रॅममध्ये मोजतात. शरीर हे औषध काही मिनिटांत संपवून टाकतं, म्हणून ती एक सलाइनची सुई जागेवर राहणं अतिशय महत्त्वाचं असतं. सिस्टर त्या हाताला कोणाला बोट लावू देत नाहीत ते यासाठी. औषधाने काही बाळांना ताप येतो, अंग लाल होतं, आणि काही जण मधेच श्वास घ्यायचं विसरतात. तसं झालं तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. ‘काल तर बरं होतं, आज मशीनवर टाकलं’ हे ऐकून घरचे हादरतात. पण त्याचा अर्थ हृदय बिघडलं असाच नसतो. कित्येकदा तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि तो अपेक्षितही असतो.

वाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाला बऱ्याचदा डक्टही पुरत नाही. तेव्हा वरच्या कप्प्यांमधली ती खिडकी मोठी करतात. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकाइंड यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं, की मांडीतल्या किंवा नाळेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेता येते, तिच्या टोकाचा फुगा खिडकीपलीकडे फुगवता येतो आणि हलका हिसका देऊन मागे ओढला की पडदा फाटून वाट रुंद होते. छाती उघडावी लागत नाही. इकोच्या पडद्यावर बघत हे बाळाच्या खाटेशीही करता येतं, आणि निळं बाळ बघता बघता गुलाबी होतं. दोष तसाच असतो, पण वेळ मिळालेला असतो.

हा वेळ कशासाठी, तेच आता बघू. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्या सैल व्हायला काही दिवस लागतात. लांबून, उशिरा आणलेल्या बाळाच्या रक्तात आम्ल साचलेलं असतं, मूत्रपिंडं रुसलेली असतात, साखर घसरलेली असते. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरहून अधिक. नीट गुंडाळलेलं नसलेलं तीन किलोचं बाळ त्या प्रवासात सहज गार पडतं. अशा शरीराला हृदय-फुप्फुस यंत्रावर चढवणं म्हणजे जुगार. आधी ते सावरलं पाहिजे. शिवाय शस्त्रक्रियेत रक्त पातळ ठेवण्याचं औषध भरपूर द्यावं लागतं, म्हणून टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी करून मेंदूत कुठे रक्तस्राव नाही ना हे पाहून घेतात. इको पुन्हा पुन्हा करतात, कारण हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या नेमक्या कुठून निघतात ते सर्जनला आधी कळायला हवं असतं.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. वाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाचा डावा खालचा कप्पा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो. फुप्फुसांतला दाब उतरत गेला की त्या कप्प्याला कष्ट उरत नाहीत, आणि त्याचा स्नायू बारीक होऊ लागतो. तीन-चार आठवडे उलटले तर शस्त्रक्रियेनंतर अंगभर रक्त ढकलण्याचा भार त्याला पेलेलच याची खात्री राहत नाही. म्हणून बहुतेक केंद्रांत हे ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांत उरकतात. आपल्याकडे निदानच उशिरा होतं, दीड-दोन महिन्यांचं बाळ येतं. तेव्हा आधी एक छोटी शस्त्रक्रिया करून त्या कप्प्याला दाबाची सवय लावावी लागते, किंवा वेगळाच मार्ग धरावा लागतो. काही दोषांत तर मुळीच थांबता येत नाही. फुप्फुसांतून परतणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या असतील आणि वाटेत त्या दबल्या असतील, तर त्या बाळाला त्याच दिवशी, त्याच रात्री टेबलावर घेतात. तिथे प्रोस्टाग्लँडिनच्या भरवशावर दिवस काढता येत नाहीत.

वाट पाहणाऱ्या आईबापांचा छळ सर्वांत जास्त करतो तो मॉनिटर. कोविडने घराघरांत ऑक्सिमीटर आणला आणि चौऱ्याण्णवच्या खाली म्हणजे धोका हे सगळ्यांना पाठ झालं. इथे आपल्या बाळाचा आकडा अठ्ठ्याहत्तर, आणि सिस्टर शांतपणे दुसऱ्या बाळाचं लंगोट बदलतेय! पण या बाळांना पंचाहत्तर ते पंच्याऐंशी चालतं. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं, ते कमी प्राणवायूतही काम भागवतं. पोटात तर ते याहून कमीवर राहत होतं. काही दोषांत जादा ऑक्सिजन दिला तर उलट नुकसान होतं, कारण रक्त फुप्फुसांकडेच धाव घेतं आणि बाकीचं शरीर उपाशी राहतं. त्यामुळे ‘आकडा कमी दिसतोय, ऑक्सिजन वाढवा ना’ ही विनंती डॉक्टर मान्य करत नाहीत. आकड्याऐवजी विचारायचं ते हे: लघवी होतेय का, हातपाय गरम आहेत का, रक्तातलं लॅक्टेट उतरतंय का.

यात आईचं काय? ती बहुधा त्या रुग्णालयात नसतेच. सिझर झालेलं असतं, ती माहेरच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये पडून, आणि बाप एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बाळासोबत अॅम्ब्युलन्समध्ये. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर मात्र तिचंच नाव: बेबी ऑफ अमुक. पाचवीची पूजा होत नाही, बाराव्या दिवशी पाळणा हलत नाही, अंगारा पेटीच्या आत नेता येत नाही. आणि मग कोणीतरी आजी, वाईट हेतूने नव्हे, विचारते, “ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?” याचं उत्तर स्पष्टच दिलं पाहिजे. हृदयाची घडण गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात उरकते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. बहुतेक दोषांचं कारण सापडतच नाही. आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणातला रुबेला, काही औषधं, गुणसूत्रांतले बदल आणि जवळच्या नात्यातली लग्नं यांनी शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावून देताना कोणी ग्रहण पाहिलं नव्हतं, हे त्या आजीलाही सांगता येईल.

आई जे करू शकते ते दुसरं कोणीच करू शकत नाही. तिचं दूध. डक्टवर जगणाऱ्या बाळांच्या आतड्यांना रक्त कमी पोचतं. तिथे आतडं सडण्याचा धोका असतो, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांत तो वरच्या दुधापेक्षा कमी. म्हणून बाळ तोंडाने पीत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहायचं. सुरुवातीला चमचाभरच निघतं. ते नळीतून जातं, नाहीतर चिकाचे दोन थेंब नुसते गालाच्या आत लावतात. आई दूर असेल तर बर्फाच्या डब्यातून ते आणता येतं. तिला येतच नसेल तर मोठ्या शहरांत दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आणि स्पर्श. ‘हात लावू नका, जंतुसंसर्ग होईल’ ही जुनी शिस्त अजून पुष्कळ ठिकाणी आहे. जंतूंची भीती खरीच आहे, पण कोपरापर्यंत हात धुतलेल्या आईने बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर तळहात स्थिर ठेवला तर बाळाचे ठोके शांतावतात. केंद्र सरकारने 2017 मध्ये नवजात विभागांत आईवडिलांना काळजीत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. एखाद्या ठिकाणी दारातून आत घेत नसतील, तर नम्रपणे त्यांचा हवाला द्यायला हरकत नाही.

एक प्रश्न आई सहसा मोठ्याने विचारत नाही: त्याला दुखत असेल का? चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचं उत्तर चुकीचं होतं. नवजात बाळाच्या मज्जासंस्थेला वेदना कळत नाहीत आणि भुलीची औषधं त्याला झेपत नाहीत, असं मानून कित्येक बाळांवर स्नायू सैल करणारं औषध आणि जुजबी भूल एवढ्यावर शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले कन्वलजीत आनंद यांना शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं इतकी खालावलेली का असतात हे कोडं पडलं. त्यांनी मुदतीआधी जन्मलेल्या, डक्ट बांधण्यासाठी नेलेल्या बाळांचे दोन गट केले. एकाला नेहमीची भूल, दुसऱ्याला सोबत फेंटानिल हे वेदनाशामक. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुसऱ्या गटातल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी कमी होती आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी. पुढे 1992 मध्ये नवजात हृदयशस्त्रक्रियांतही हेच दिसलं: खोल भूल मिळालेल्या बाळांत मृत्यू कमी. आज बाळाला शस्त्रक्रियेत आणि नंतरही वेदनाशामकं मिळतात, टोचताना जिभेवर साखरपाण्याचे थेंब देतात. तरी आईने विचारावं, वेदनेसाठी काय चालू आहे. विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

बापाचे दिवस रक्तपेढी, बिलिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात जातात. त्याच्यासाठी एवढंच: 2013 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मजात दोषांसाठीही आहे, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयदोषांच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठावं, नंतर नव्हे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होतं? तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असतं, म्हणून हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या आधी दात्याच्या रक्ताने भराव्या लागतात. बाळाच्या मुठीएवढं हृदय थांबवलं जातं. मग दोन्ही वाहिन्या कापून जागा बदलतात. ते त्यातल्या त्यात सोपं. अवघड काम म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दीड-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या उचलून नव्या महारोहिणीवर शिवणं. एकही मुरडली तर हृदय चालत नाही. 1950 च्या दशकात ज्यांनी प्रयत्न केले ते इथेच हरले. 1975 मध्ये ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या आदिब जातेने यांना ते जमलं. आज अनुभवी केंद्रांत शंभरातली पंचाण्णवहून अधिक बाळं यातून सुखरूप जातात.

‘ऑपरेशन चांगलं झालं’ असं सांगितल्यावर आईबापांना आत नेतात, आणि ते ओळखीचं बाळ दिसत नाही. अंग सुजलेलं, सगळीकडे नळ्या, आणि कधी छाती उघडीच, वर पारदर्शक पडदा. हे आधी सांगायलाच हवं. सुजलेल्या हृदयावर बरगड्यांचा दाब येऊ नये म्हणून छाती एक-दोन दिवस मुद्दाम शिवत नाहीत. त्यात भर म्हणजे पहिल्या रात्री, शस्त्रक्रियेनंतर सहा ते अठरा तासांच्या दरम्यान, हृदयाची ताकद आणखी घटते. संध्याकाळी बरं असलेलं बाळ मध्यरात्री खालावतं आणि पहाटेपर्यंत सावरतं. डॉक्टरांना ते ठाऊक असतं, म्हणूनच त्या रात्री ते घरी जात नाहीत.

पुढचे आठवडे दुधाचे असतात. नळीची सवय झालेल्या बाळाला चोखायला शिकावं लागतं, आणि वजन ग्रॅमा-ग्रॅमाने वाढतं. एमआरआयच्या अभ्यासांत अशा बाळांचा मेंदू जन्मतः साधारण महिनाभर मागे असल्याचं दिसलं आहे. त्यामुळे मान धरणं, बसणं, बोलणं यांवर लक्ष ठेवावं लागतं आणि उशीर दिसला तर थेरपी लवकर सुरू करावी लागते. लसी चुकवायच्या नाहीत. शिवलेल्या वाहिन्यांची तपासणी जन्मभर वर्षा-दोन वर्षांनी करत राहावी लागते. ही शस्त्रक्रिया रुळली त्या सुरुवातीच्या वर्षांतली बाळं आता चाळिशीत आहेत. त्यांच्यातल्या काही जणींना स्वतःची मुलं झाली. अशा आईला गरोदरपणाच्या अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्यायला सांगतात, आणि दोष दिसलाच, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णालयातच ठरवतात. तिथे प्रोस्टाग्लँडिनची कुपी आधीपासून फ्रिजमध्ये तयार असते.